राहीबाईंनी न घेतलेलं नाव

मित्रांनो, मी टोपी आहे खरी, पण मला कुणी उन्हात घातलं नाही की लग्नात मिरवलं नाही. श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात मेंदूच्या लहरी टिपण्यात माझा जन्म गेला. माझ्या कापडाला एकवीस चकत्या आणि तेवढ्याच तारा. आता नवी टोपी आलीय आणि मी कपाटामागच्या खिळ्याला लटकतेय.

डोळ्यांना आधी तुकडे दिसतात, बरं का! मेंदूतल्या काही पेशी नाक टिपतात, काही मिशी. भजनात टाळ एका ठेक्यात पडावेत तशा त्यांच्या लहरी जुळल्या, की तुकड्यांचा चेहरा होतो, असा डॉक्टर सिमरनबाईंचा कयास. तो तपासायला त्यांनी मला वर्षानुवर्षं राबवलं. कौतुकही केलं.

एकदा राहीबाई आल्या. त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी होऊन गेली होती. सोबत त्यांचे मालक, सूर्यभान. आपली बायको आपल्याला ओळखते ना, एवढंच त्यांना हवं होतं. तपासणीत बोलायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी सूर्यभानांना बजावलं आणि पडद्यावर त्यांचाच फोटो लावला.

राहीबाई म्हणाल्या, "मिशी हाय. टोपी हाय. एक कान हाय."

"माणूस कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

राहीबाईंनी मान खाली घातली. सूर्यभानांना राहवलं नाही. हसून हळूच पुटपुटले, "मालकाचं नाव घेईल व्हय ती? चाळीस वर्सांत घेतलं न्हाई." डॉक्टरबाईही हसल्या आणि कागदावर 'ओळखलं' अशी खूण केली.

मी मात्र राहीबाईंच्या डोक्यावर होते. त्यांच्या लहरींचा ठेका जुळलाच नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, पण टोपीला कुठलं तोंड?

तपासणी संपली. माझ्या चकत्यांखाली लावलेला चिकट जेल सूर्यभान मुकाट्यानं राहीबाईंच्या केसांतून पुसू लागले. त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, आमच्या मालकांना बोलवा. भाईर बसल्यात."

त्यांचा हात थांबला. "अगं, मीच हाय."

"आवाज तर तुमचाच," राहीबाई म्हणाल्या आणि त्यांची मिशी चाचपत रडू लागल्या. तेही रडले.

तेव्हापासून सूर्यभान घरात शिरताना उंबऱ्यातूनच स्वतःचं नाव सांगत, असं त्यांनीच डॉक्टरबाईंना सांगितलं. शेवटी आले ते एकटेच, राहीबाई गेल्याचं कळवायला. तपासणीच्या रिकाम्या खोलीपाशी थबकले आणि सवयीनं म्हणाले, "मी सूर्यभान हाय गं."

मित्रांनो, मला लहरी टिपता येतात, जुळवता येत नाहीत. तुमच्याजवळ आवाज आहे. घरात अशी कुणी राहीबाई असेल, तर नुसते समोर उभे राहू नका. आधी हाक द्या.