कल्पनाने आणलेली चप्पल

केतकीला फिट येते हे बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या त्या घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. कल्पनाने ठाऊक होऊच दिलं नव्हतं. घरातसुद्धा त्या शब्दाला बंदी. 'चक्कर' म्हणायचं. लेक एम.एस्सी. झाली, गोळ्या चालू होत्या, बऱ्याच दिवसांत काही झालंही नव्हतं; पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा कल्पनाचा बाणा. ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. फिट येते म्हणून लग्न रद्द होऊ शकतं, असं तेव्हा कायदाच सांगत होता, मग लोकांना काय बोलायचं? सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेले कल्पनाचे यजमान चंद्रकांत एकदा म्हणाले, "मुलाकडच्यांना सांगून टाकू." त्यावर तिने असा अबोला धरला की बिचारे पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने मुद्दाम वसुमतीबाईंना बोलावलं. त्यांच्या मुलासाठी, शरच्चंद्रसाठी, केतकीचं चाललं होतं. बायकांनी खोली भरली. वरच्या मजल्यावरची वीणा आली, कानडी घरातली नवी सून. कुंकू लावून घ्यायला ती वाकली आणि तशीच कोसळली. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला.

"अगंबाई, फेफरं आलंय हिला!" कुणीतरी ओरडलं. बायका पदर सावरत भिंतीला चिकटल्या, जणू ते उडून त्यांच्याच अंगावर बसणार होतं.

काय करायचं ते त्या खोलीत दोघींना चोख माहीत होतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, दाबून धरायचं नाही. डॉक्टरांनी शिकवलेलं हे सगळं कल्पनाने लेकीसाठी कितीदा तरी केलं होतं. केतकी उठली. कल्पनाने तिचं मनगट असं आवळलं की काचेची बांगडी पिचली.

"बस खाली," ती पुटपुटली. "तुला कसं माहीत, म्हणून विचारतील."

केतकी बसली.

"चप्पल आणा हो कुणीतरी, हुंगवायला!" वसुमतीबाई म्हणाल्या.

आणि कल्पना गेली. यजमानीणच ना ती! दाराशी वाकून तिने स्वतःची चप्पल उचलली आणि आणून दिली. केतकीच्या पहिल्या फिटच्या वेळी सासूबाईंनी चप्पल पुढे केली, तेव्हा हीच कल्पना त्यांच्या अंगावर धावून गेली होती. आज परक्याच्या पोरीच्या नाकाला तिच्या चपलेचा तळ लागला आणि ती बघत राहिली. शरमेने तिचे कान तापले, पण पाय काही पुढे झाला नाही.

झटके थांबायचे तेव्हा आपसूक थांबले. श्रेय चपलेला मिळालं. वीणा उठून बसली, ओठ पुसून सगळ्यांची माफी मागू लागली. "सॉरी अक्का... स्वल्प नीर कोडी." पाणी आणायला केतकी उठली. या वेळी कल्पनाने तिला अडवलं नाही.

"लग्नाआधी लपवलं असणार," वसुमतीबाई हळूच म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू. "असल्या पोरी दुसऱ्यांच्या गळ्यात मारतात लोक."

"मलाही येते, काकू," पेला भरता भरता केतकी म्हणाली. "फिट. शाळेपासून."

वसुमतीबाईंनी कल्पनाकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कल्पनाने तोंड उघडलं आणि ती हसली.

"चेष्टा करते हो ती! पहिल्यापासूनच वात्रट."

वसुमतीबाईही हसल्या. ते हसणं ऐकताना कल्पनाला स्वतःच्या जिभेची किळस आली.

केतकीने आईकडे वळूनही पाहिलं नाही. ती वीणाशेजारी मांडी घालून बसली, पेला तिच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत कन्नडमधून विचारू लागली, तू गोळी कुठली घेतेस, आज चुकली होती का, मला तर एक चुकली तरी त्रास होतो.

वसुमतीबाई बंगळुरातच वाढलेल्या. त्यांना शब्दन् शब्द कळत होता. त्यांचं हसू थांबलं आणि त्या कल्पनाकडे बघू लागल्या. आपण कुठे बघावं, ते कल्पनाला कळेना.