रिकाम्या पडद्यामागे

मी एक जुना साचा आहे. मातीचा किंवा लोखंडाचा नव्हे, मित्रांनो, अक्षरांचा आणि चिन्हांचा. संगणकवाले मला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ढीगभर ओळींतून हवी ती ओळ नेमकी शोधायची, हे माझं काम.

मला घडवलं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या काकूंनी. तिथे दिवसभर रक्ताचे अहवाल येत. ज्या ओळीच्या शेवटी 'तातडी' असेल, ती मी पकडून पडद्यावर आणायची. मग काकू लगेच डॉक्टरांना फोन करत. बाकीचे अहवाल संध्याकाळी सावकाश जात. कुणी 'तातडी नाही' असंही लिहीत, म्हणून काकूंनी मला बजावलं होतं, "शेवटी म्हणजे अगदी शेवटी. त्यापुढे काहीही चालणार नाही." कितीतरी वर्षं मी डोळ्यांत तेल घालून राबलो. "हा आहे म्हणून मी घटकाभर टेकते," असं त्या म्हणाल्या की मी फुलून जायचो.

मग जुना संगणक गेला आणि दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा नवा आला. मला जसाच्या तसा उचलून त्यात ठेवलं. आमची पंचाईत अशी, की घरोघरची रीत निराळी. एका घरी अधिकचं चिन्ह 'एकदा किंवा अनेकदा' असं सांगतं, दुसऱ्या घरी ते नुसतंच अधिकचं चिन्ह. या नव्या घरी तर प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं चिन्ह चिकटवायची पद्धत होती. 'तातडी' माझ्यासमोर यायची, पण तिच्यापुढे ते चिन्ह बसलेलं. त्यापुढे काहीही चालणार नाही, ही काकूंची ताकीद! माझे हातच बांधलेले. ओरडावं, तर ओळ पकडल्याशिवाय मला तोंड फुटत नाही.

"आज कुणीच गंभीर नाही, वा!" रिकामा पडदा पाहून काकूंच्या हाताखालचा तंत्रज्ञ म्हणाला. "चला काकू, चहा घेऊ."

मी आत घुसमटत होतो. माझ्यासमोर रुग्णालयाच्या पहारेकऱ्याच्या, वॉर्डात दाखल असलेल्या बायकोचा अहवाल पडला होता.

तो बिचारा खिडकीशी आला. "काकू, हिचा रिपोर्ट आला का हो? सकाळपासून तिला उठवतसुद्धा नाहीये."

"तातडीचं काही नाही, दादा. संध्याकाळी मिळेल."

तो गेला, पण थोड्या वेळाने परत येऊन नुसताच उभा राहिला. काकूंना राहवेना. त्यांनी अहवाल स्वतः उघडला.

"अगं बाई! इथे तर तातडी लिहिलंय!"

त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. पहारेकरी वॉर्डाकडे पळत सुटला.

त्याची बायको थोडक्यात वाचली. मी का चुकलो ते शोधून काकूंनी मला त्या न दिसणाऱ्या चिन्हाची सवलत दिली: 'तातडी'पुढे तेवढं एक असलं तरी चालेल. तेव्हापासून रोज सकाळी त्या आधी एका खोट्या रुग्णाचा 'तातडी'चा अहवाल पाठवतात. मी तो पकडला की म्हणतात, "जागा आहेस ना? मग लागू कामाला."

आता काकू निवृत्त होताहेत. काल तंत्रज्ञ स्वतःशीच पुटपुटला, "हा खोटा रुग्ण काढून टाकावा. उगाच अडगळ."

मी सगळं ऐकत होतो.

मित्रांनो, जुन्या साच्याला नव्या घरी नेलंत, तर आधी एखादी ओळखीची ओळ त्याच्यापुढे धरा. मी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. आणि त्या खोट्या रुग्णाला तेवढं राहू द्या. काकूंच्या मागे माझी विचारपूस करणारा तो एकटाच उरणार आहे.