गिरणीशेजारचा गाळा

"मावशी, शिलाईचं दुकान अन् हितं? पीठ उडून राहिलंय बघा. बायांची काळी ब्लाउजं पांढरी व्हतील!" लालसिंग गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला.

गिरणीलगतचा त्याचा गाळा कधीपासून रिकामा पडला होता, तरी हा गृहस्थ आलेल्या भाडेकरूला परतवून लावत होता. असा घरमालक अख्ख्या आखाडा बाळापुरात शोधून सापडला नसता.

"कापडावर चादर टाकीन. शटर अर्धं ओढून घेईन," गोजरबाई म्हणाली.

"बसस्टँडजवळचा गाळा मिळत व्हता, त्यो काहून सोडला? तिथं गिऱ्हाईक बराबर मिळतंय."

तिथलं गिऱ्हाईक गोजरबाईला ठाऊक होतं. एसटीतून उतरायचं, कापड टाकायचं आणि पळायचं. घरी तरी वेगळं काय होतं? घरधनी तातेराव वारले, लेक वैष्णवी लग्न होऊन सेनगावला गेली, आणि घर खायला उठलं. बाया मापाचं ब्लाउज उंबऱ्यातूनच हातात द्यायच्या. चहा घे म्हटलं, तर एकीचा कुकर लावलेला, दुसरीचं लेकरू रडत असायचं. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं होत नसे. परवा तर ती मशीनलाच "अगं, हळू" म्हणाली आणि स्वतःच्या आवाजाने दचकली. फार भ्याली त्या दिवशी.

गिरणीवर मात्र बाया नंबर लागेपर्यंत बसतात. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाची सून रुसली, सगळं तिथेच निघतं. घरी फुकटात होणाऱ्या कामासाठी भाडं भरायचा खुळेपणा तिने मनाशी पक्का केला होता तो यासाठी. पण हे लालसिंगला कोणत्या तोंडाने सांगणार?

लालसिंगने गिरणी बंद केली. एकदम शांत झालं.

"मावशी, ऐका. दिवाळी झाली की मी ही गिरणी काढून टाकून राहिलो. घरोघरी चक्क्या आल्या. पोरगं मोबाईलचं दुकान टाकतंय. मंग ना पीठ, ना आवाज. तुमी तवाच या की! दोन म्हैने उगं तकलीफ कशाला?"

बिचारा भल्यासाठीच सांगत होता. गोजरबाईने मात्र भलतंच विचारलं.

"मंग बाया?"

"बाया काहून येतील? दळणच न्हाई."

तिने पिशवीतून इसाराच्या नोटा काढल्या.

"भाऊ, मला दिवाळीपर्यंतच द्या."

"पर्यंत?" लालसिंगला हसू फुटलं. "मावशी, उलटं बोलून राहिल्या तुमी. दिवाळीनंतर म्हणा."

"न्हाई. पर्यंत."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथंच विरलं. नोटा न मोजता त्याने खिशात ठेवल्या. "सोमवारी मशीन आणा. गाळा मी झाडून ठिवतो," एवढंच तो म्हणाला.

बाहेर पत्र्याखालच्या बाकावर एकटी कमलबाई होती. तिचंच दळण तेवढं राहिलेलं. रांग अशी केव्हा ओसरली, हे गोजरबाईला आज दिसलं.

"तुमचं दळण कुठंय, गोजरबाई?"

"न्हाई आणलं. बसायला आले."

तेवढ्यात लालसिंगने कमलबाईला हाक मारली. ती डबा घेऊन आत गेली, गिरणी घरघरली आणि थांबली. डबा डोक्यावर घेऊन कमलबाई बाहेर आली, रस्त्यापर्यंत गेली, थबकली आणि माघारी फिरली. डबा बाकावर ठेवून तिने झाकण काढलं.

"पीठ लई गरम हाय," ती गोजरबाईशेजारी टेकत म्हणाली. "निवंपर्यंत बसते."