चकात राहिलेला पाना

मी पाना बोलतोय. जरा हळू बोलतो, सांभाळून घ्या. वय झालंय, आणि मुळात मी भित्रा आहे. लोखंडाला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. आधी ऐका, मग ठरवा.

मी लेथ मशीनच्या चकाचा पाना. लेथवर लोखंडाचा दांडा गरगर फिरवून तासतात. तो दांडा ज्या जाडजूड पोलादी थाळीत धरलेला असतो, तो चक. आमच्या चकाला चार जबडे होते, प्रत्येक जबड्यापाशी एक चौकोनी भोक. त्या भोकात माझं तोंड घालायचं, माझे दोन आडवे हात धरून पिळायचं, की जबडा आवळतो. काम झालं की मला काढायचं.

हे जे काढायचं आहे ना, तिथेच माझा जीव टांगलेला असतो. मी भोकात असताना कुणी मशीन चालू केलं, तर चक मला घेऊन फिरतो आणि मी सुटतो तो बंदुकीच्या गोळीसारखा. कुणाच्या अंगावर जाईन, हे माझ्या हातात नसतं.

लेथ आणि मी एकाच पेटीतून आलो, ओहायोतल्या एका लहान गावच्या कॉलेजात. तिथल्या मशीनखोलीत मी छत्तीस वर्षं काढली. कॉलेजात राहूनही अडाणीच राहिलो. अक्षर येत नाही. फळ्यावरच्या रेघा तेवढ्या मोजता येतात, आणि माणसाचा तळवा ओळखता येतो. घाम आलाय का, थरथरतोय का, पकड खरी की दाखवायची, ते मला लगेच कळतं.

तळवे तरी किती प्रकारचे! नुकती शाळा सुटलेल्यांचे मऊ. फौजेतून परतलेल्यांचे कोरडे. आणि कारखाना बंद पडून आलेल्यांचे... ते राठ असायचे, पण मला धरताना तेच सगळ्यात जास्त घाबरलेले असायचे.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. डेल्मर हक नावाचा एक हसरा गडी होता. शेजाऱ्याशी सासऱ्याच्या ट्रॅक्टरबद्दल बोलता बोलता त्याने मला चकात ठेवलं आणि मशीन चालू केलं. मी सुटलो. पलीकडच्या मशीनवर रॉनी बीसन खाली वाकून पेन्सिल शोधत होता. तो वर उठला, तेवढ्यात मी त्याच्या जबड्यावर आदळलो, आणि तिथून कपाटाच्या दारावर. दाराला खोल पोचा पडला. रॉनी पुन्हा वर्गात आला नाही. डेल्मरही आला नाही. माझ्या अंगावरचं रक्त कुणीतरी चिंधीने पुसलं आणि मला परत खिळ्याला टांगलं. तेव्हापासून मी भित्रा.

पुढच्या वर्षी लोवेल स्टकी शिकवायला आले. उंच माणूस, बोलणं थोडं. त्यांनी पहिल्याच दिवशी त्या पोच्याभोवती लाल रंगाने गोल काढला. प्रत्येक नव्या वर्गाला ते तिथे उभं करायचे आणि सांगायचे, "पाना चकात आहे तोवर हात पान्यावर. हात सुटायचा असेल तर पाना बाहेर. यात तिसरं काही नाही."

शिक्षाही त्यांनीच ठरवली. ज्याने मला चकात विसरलं, त्याने दिवसभर मला साखळीत ओवून गळ्यात घालायचं. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला डोनट आणायचे. आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे एक रेघ. तिसरी रेघ पडली की त्या वर्षापुरतं मशीनखोलीचं दार बंद. पस्तीस वर्षांत स्टकी सरांनी हा नियम कुणासाठी वाकवला नाही.

मग रोझेला टकेट आली. भांडी धुण्याच्या मशीनच्या कारखान्यात सव्वीस वर्षं दारं बसवत होती. तो कारखाना उठून दुसऱ्या देशात गेला. चौपन्नाव्या वर्षी बाई पुन्हा वही घेऊन बसली. नदीपलीकडच्या पंपांच्या कारखान्याने कळवलं होतं, वसंतात जे हा अभ्यासक्रम पुरा करतील त्यांना घेऊ. वसंतातच, पुढे नाही. घरी नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. आशेची जागा ती एकच.

पहिल्या दिवशी तिने मला धरलं आणि मी ओलाचिंब झालो. एवढा घाम! आम्ही दोघं घाबरट एकमेकांना भेटलो.

पहिल्याच आठवड्यात तिला पहिली रेघ पडली. दुसरी पडली हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात. अर्धा वर्ग रानात गेलेला, उरलेले गप्पा मारत होते, तीही बोलली आणि विसरली. दोन्ही वेळा मशीन चालू होण्याआधी सरांनी पाहिलं, म्हणून बरं. तिने मला गळ्यात घातलं, तेव्हा तिच्या छातीची धडधड मला साखळीतून ऐकू येत होती.

त्यानंतर तिने स्वतःपुरती एक सवय लावली. मशीन चालू करण्याआधी ती मोठ्याने म्हणायची, "चष्मा डोळ्यावर. बाह्या वर. पाना कुठे?" आणि खिळ्यावर मला बोट लावल्याशिवाय बटण दाबायची नाही.

पोरांना तर करमणूकच झाली. क्लेटन रिग्ज नावाचा एक लाल दाढीवाला होता, तो हटकून ओरडायचा, "पाना तुझ्या पर्समध्ये असेल बघ मावशी! लिपस्टिकशेजारी!"

"अरे, माझ्या पर्समध्ये तुझी अक्कल सापडली परवा," रोझेला मान न वळवता म्हणायची. "परत देऊ का, की नकोच तुला?"

सगळे हसायचे. स्टकी सर हसायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "क्लेटन, ती काय म्हणते ते पाठ कर."

आता जे सांगतो, ते मी बरेच दिवस पोटात ठेवलं होतं. त्या हिवाळ्यात स्टकी सर सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मशीनं तपासायचे. एके दिवशी त्यांनी चक आवळला, मला तिथेच सोडलं आणि खिडकीपाशी कॉफी ओतायला गेले. परत आले, मला पाहिलं आणि जागीच थांबले. मग दाराकडे वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मला काढून खिळ्याला लावलं. हात गार पडला होता.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी तर बोट बटणापर्यंत गेलं होतं. मला काढून ते स्टुलावर बसले आणि मला मांडीवर धरून ठेवलं. तो तळवा मी पस्तीस वर्षं ओळखत होतो. त्याने मला कधी चकात विसरलं नव्हतं. मला वाटलं, कुणाला तरी सांगावं. पण पान्याला तोंड असतं ते फक्त भोकात घालायला.

मग तो गुरुवार आला. परीक्षेला आठ दिवस होते.

रोझेलाचा दांडा चकात सरळ बसेना. फिरवला की डगमगायचा. तिने हाक मारली, "सर, हा माझं ऐकतच नाही हो."

स्टकी सर क्लेटनच्या पट्टीवर रेघा मारण्यासाठी निळा रंग फासत होते, ते तसेच आले. "बघू. रोझेलाबाई, तुम्ही तोवर कपाटातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर घेऊन या."

ती गेली. सरांनी मला एका भोकात घातलं, हाताने चक फिरवला, दांड्याला टेकवलेल्या मापकाच्या सुईकडे बघितलं, मग समोरच्या भोकात घातलं. थोडं सैल, थोडं घट्ट. किती सुरेख काम करायचे! दांडा सुईसारखा सरळ झाला. तेवढ्यात तिकडून क्लेटन किंचाळला, "सर! ड्रिल तुटलं!"

ते वळले आणि चालू लागले. मी चकातच.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो असेन, पण लोखंडाचं ओरडणं कोण ऐकणार? समोर बघितलं. माझ्या वाटेवर पाच पावलांवर स्टकी सरांची पाठ होती. त्यांच्यामागे तोच लाल गोल.

रोझेला मायक्रोमीटर घेऊन परतली. दांडा सरळ झालेला पाहून तिचा चेहरा उजळला. डावा हात बटणाकडे निघाला.

"चष्मा डोळ्यावर," ती म्हणाली. "बाह्या वर. पाना..."

खिळा रिकामा होता. तिचं बोट खिळ्यावरच राहिलं. मग तिने चकाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून वाराच निघून गेल्यासारखा आवाज आला.

नेमके त्याच वेळी स्टकी सर वळले. त्यांना काय दिसलं? चकात पाना, त्यावर हात नाही, आणि रोझेला बटणापाशी.

"हात मागे!" ते गरजले. सगळी मशीनं एकेक करून थांबली. सर आले. चेहरा पांढरा पडलेला. "रोझेलाबाई, तिसरी वेळ. मी काय करू आता, सांगा?"

"सर, मी... मी नाही ठेवला," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

क्लेटनने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला मागून नीट दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं. सर फळ्याकडे गेले आणि त्यांनी तिच्या नावापुढे तिसरी रेघ मारली.

रोझेलाने मला चकातून काढलं.  मग तिला माझ्या दांडीवर काहीतरी दिसलं. निळा ठसा. मोठ्या अंगठ्याचा, अजून ओला. दुसऱ्या हातात तिची तेलकट चिंधी होती. ती चिंधी माझ्यापर्यंत आली. खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं, ही पुसून टाकणार. सगळ्या वर्गासमोर त्यांना उघडं पाडणार नाही, घरी निघून जाईल.

तिने चिंधी खिशात घातली. फळ्यापाशी गेली आणि मला सरांच्या उजव्या तळव्यावर ठेवलं. ठसा वर करून. त्यांचा निळा अंगठा अगदी त्याच्या शेजारी आला. 

सरांनी खाली पाहिलं.  त्यांची पकड सैल झाली, मग एकदम घट्ट झाली, पडणारा माणूस कठडा धरतो तशी.

मग त्यांनी फळ्यावरची रोझेलाची तिसरी रेघ बाहीने पुसली. खाली नवं नाव लिहिलं. मला वाचता येत नाही, पण क्लेटन मोठ्याने म्हणाला, "स्टकी? सर, स्वतःचंच?" त्या नावापुढे त्यांनी एक रेघ मारली. दुसरी मारली. तिसरीही मारली.

पोरं हसली. त्यांना वाटलं, सर गंमत करताहेत. "सर, डोनट भोकाचे आणा हं, जेलीचे नकोत!" क्लेटन ओरडला.

"दोन्ही आणतो," सर म्हणाले. साखळी खिळ्यावरून काढली, मला ओवलं आणि गळ्यात घातलं. रोझेला तेवढी हसली नाही. तिने रेघा मोजल्या होत्या.

घरी जायच्या वेळी तीच मागे राहिली. "सर, वेळ तर एकच झाली. तीन का?"

"दोन तुम्ही पाहिल्या नाहीत," ते म्हणाले. "परवा घरी जाताना जुन्या घराच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. विकून बारा वर्षं झाली. आत दुसऱ्यांची पोरं जेवत होती."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"जायची भीती वाटते, बाई."

"भीती मलाही रोज वाटते," रोझेला म्हणाली. "मी मोठ्याने बोलते. तुम्हीही बोला. निदान घरी तरी."

दुसऱ्या दिवशी डोनट आले, दोन्ही प्रकारचे. वर्ग संपला तसे सर ऑफिसात गेले आणि मशीनखोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवून आले. पस्तीस वर्षांचा नियम त्यांनी स्वतःसाठीही वाकवला नाही. परीक्षा दुसऱ्याच एका शिक्षिकेने घेतली. रोझेला पास झाली. क्लेटनही झाला. परीक्षेत मशीन चालू करण्याआधी त्याचे ओठ हलत होते, हे मी पाहिलं.

उन्हाळ्यात कॉलेजात नवे पाने आले, तोंडाशी स्प्रिंग असलेले. चकात ठेवून हात सोडला की ते आपोआप बाहेर पडतात. विसरायची सोयच नाही. मला भंगारात टाकणार होते. रोझेलाने मागून घेतलं. आता मी पंपांच्या कारखान्यात तिच्या हत्यारांच्या पेटीत असतो. तिथेही नवे पाने आहेत, पण काम सुरू करण्याआधी ती पेटीत हात घालून मला बोट लावते आणि तीच तीन वाक्यं म्हणते. माझी भीती काही गेली नाही. ती जाऊही नये, असं आता वाटतं. तुम्हीही एखादं यंत्र चालू करत असाल, तर आधी एकदा बघत जा. कुणी हसलं तर हसू दे.

गेल्या रविवारी ती मला कोटाच्या खिशात घालून स्टकी सरांकडे घेऊन गेली. सोबत तिने भाजलेला ॲपल पाय होता. सर खिडकीपाशी बसले होते, वाळलेले. त्यांनी तिला ओळखलं नाही. "तुम्ही नर्स का?" म्हणाले.

तिने मला त्यांच्या हातात दिलं. माझं नाव त्यांना आठवलं नाही.  पण बोटं माझ्याभोवती बसली, अगदी जिथे बसायची तिथेच. तो तळवा मी कुठेही ओळखला असता.

जेवायची वेळ झाली. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, ते ठेवा आता, हात धुवा." ते मला सोडेनात. मुलीने ओढून बघितलं. त्यांनी आणखी आवळलं आणि घाबरून इकडे तिकडे बघितलं.

रोझेला त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसली.

"मशीन बंद आहे का?" त्यांनी तिला हळूच विचारलं.

"बंद आहे, सर. मी स्वतः बघितलं. पाना बाहेर आहे."

मग कुठे त्यांनी हात सोडला.