बिनमिठाची लाटी

चिंगीचा श्वास मोजायचा तर रंभाबाईंना आधी ट्रक जाऊ द्यावे लागत. वाडीतल्या त्यांच्या घरामागेच गोदामं. भरलेला ट्रक निघाला की फरशी थरथरे आणि त्या इवल्याशा कुत्रीचं पोट कशानं हलतंय तेच कळेना. मधल्या शांततेत, मोबाइलवर मिनिट लावून, त्या मोजत. सोमवारी अठ्ठावीस. बुधवारी तीस. आज एक्केचाळीस.

तिसाच्या वर गेलं तर लगेच आणा, असं डॉक्टर भावनाताईंनी बजावलं होतं. हृदयाची झडप सैल झालेली. गोळी दोन वेळा, आणि मिठाचा कण नको.

कण नव्हताच. चिंगीचा भात वेगळ्या गंजात शिजे. घरच्या भाजीत मीठ विसरता पण कुत्रीच्या गंजावर पहारा देता, अशी सून मिनल थट्टा करी. रंभाबाईंना हसू येत नसे. चिंगी नवऱ्याची, लहानूजींची. जाताना त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, "हिले सांभाळजो वं."

त्यांचंही दुखणं हृदयाचंच होतं. अकरा महिने रंभाबाईंनी त्यांना आळणी वाढलं. तरी पाय सुजत गेले, उताणं झोपवेना, आणि घशात शीत अडकल्यासारखा कोरडा खोकला लागला. तो खोकला तीन वर्षांनी घरात पुन्हा ऐकू येत होता. चिंगी पुढचे पाय फाकवून उभी होती. बसत नव्हती.

मुलगा प्रेमानंद दोघींना गाडीवर घेऊन दवाखान्यात गेला. भावनाताईंनी सुई टोचली, कुत्रीला ऑक्सिजनच्या काचपेटीत ठेवलं आणि खाणं विचारलं. रंभाबाईंनी सगळं सांगितलं.

"आणि गोळी कशात देता, आजी?"

"पापडाच्या लाटीत. तेल लावून. आवडीनं गिळते." यंदाचे उडदाचे पापड केले तेव्हा चिंगीसाठी गोळा वेगळा मळला होता, बिनमिठाचा. फ्रिजमध्ये ठेवलाय.

"पापडखार घातला होता?"

"खार तर लागतेच, मॅडम. त्याबिगर पापड फुलत नाही. मीठ नाही घातलं."

भावनाताईंनी पेन खाली ठेवलं. "खार म्हणजे मीठच धरा, आजी. हृदयाला दोन्ही सारखेच. गोळी पाणी काढत होती, लाटी पुन्हा भरत होती." मग त्या जरा हसल्या. "उतरेल. वेळेवर कळलं."

प्रेमानंदनं सुस्कारा सोडला. रंभाबाई काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मोजायला सुरुवात केली, पण आकडे हाती लागेनात. डोळ्यांपुढे ताट आलं. आळणी वरण, आळणी भात, आणि कडेला जाळीवर भाजलेला पापड. त्या पापडांचं पीठही त्यांनी वेगळंच मळलं होतं. मीठ न घालता.

"चाल ना आई, बस," प्रेमानंद म्हणाला. "वाचते ती. काहून रडून राहिली?"

"तुह्या बाबाले मी रोज पापड देत होती."

"हो ना," तो मायेनं म्हणाला. "दोन्ही टाइम. त्याबिगर त्यायले घास उतरतच नव्हता."