पुराव्यासाठी फोटो

मायानं आईचा उजवा हात उचलला आणि चांगदेवच्या खांद्यावर नेऊन ठेवला. दोन पावलं मागे सरकून तिनं मोबाइल डोळ्यांसमोर धरला, तोवर तो हात पुन्हा आईच्या मांडीवर येऊन बसला होता.

"आई, अगं काय हे?"

"दूध उतू जाईल," असं म्हणून नीला उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

दूध कुठलं उतू जातंय? गॅस पेटवलेलाच नव्हता. हे मायाला माहीत होतं, खुर्चीवर उभं राहून पडदा सरकवणाऱ्या सम्यकला, म्हणजे मायाच्या नवऱ्याला माहीत होतं, आणि सोफ्यावर एकटा उरलेला चांगदेव तर भिंतीकडे बघून गालातल्या गालात हसत होता. बासष्टीचा माणूस, पण इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून नवऱ्यामुलासारखा बसला होता. आणि तो नवराच होता. अडचण एवढीच होती, की ते कॅनडातल्या एका ऑफिसला पटत नव्हतं.

नीलाचा पहिला नवरा माया तिसरीत असताना गेला. त्यानंतर नीलानं मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये, सगळी नोकरी काढली. शहाडला हे दोन खोल्यांचं घर घेतलं, मुलीला शिकवलं, डोंबिवलीत तिचं लग्न करून दिलं. निवृत्त झाल्यावर आई टीव्हीशी बोलायला लागली, हे मायाच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं गुपचूप समाजाच्या वधू-वर मेळाव्यात आईचं नाव घातलं आणि आदल्या दिवशी सांगितलं. नीला लेकीशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती थेट चांगदेवबद्दलच.

चांगदेव मूळचा अंबरनाथचा, फिटर. तरुणपणी आखातात गेला, तिथून कॅनडात, आणि तिथलाच नागरिक झाला. त्याची बायको वारली होती, मुलगा विमानानं जावं लागेल इतक्या लांबच्या शहरात होता. तिकडे बर्फ पडलं की चार-चार दिवस दाराबाहेर माणूस दिसत नाही, असं त्यानं मेळाव्यातच सांगून टाकलं. नीलाला त्याचं ते न लपवणं आवडलं. कल्याणच्या विहारात लग्न झालं, महिनाभरानं तो परत गेला, आणि बायकोला तिकडे कायमचं राहू द्यावं म्हणून त्यानं रीतसर अर्ज केला. बायकोनं नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं असतं, त्यात विचारण्यासारखं काय आहे? कुणी विचारलंही नाही.

दीड वर्ष त्या अर्जाचं काही झालं नाही. मग एक दिवस उत्तर आलं, की हे लग्न खरं असल्याचे पुरावे अपुरे वाटतात, आणखी द्या.

डोंबिवलीत अशा अर्जांची कामं करणारी संचिता नावाची मुलगी होती. तिनं जुनी फाइल काढून सगळ्यांसमोर ठेवली आणि डोक्याला हात लावला. चूक तिकडच्यांची नव्हतीच. या वयात कसलं मिरवायचं, म्हणून नीला लग्नात प्रत्येक फोटोच्या वेळी कडेला सरकली होती. मध्ये कधी भंतेजी, कधी चांगदेवचे थोरले भाऊ आबा, कधी कुणाची तरी मावशी. एका फोटोत तर नवरा-नवरीच्या मध्ये केटरिंगवाला उभा होता, आणि सगळ्यांत खूश तोच दिसत होता. मेसेज बघावेत, तर तिथेही तसंच. सगळं गाव तिला नीलाताई म्हणतं म्हणून चांगदेवही रोज सकाळी लिहायचा, 'जय भीम, नीलाताई. चहा झाला का?' संचितानं इमानदारीत सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून पाठवलं होतं. आता बायकोला ताई म्हणणारा नवरा तिकडच्या साहेबाला कसा पटावा?

म्हणून मग चांगदेव तीन आठवड्यांसाठी आला होता, फोटो काढायला.

वाट बघण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नीला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासूनच निघालेली होती. आज-उद्या कागद येणार म्हणून तिनं फ्रीज मायाकडे पाठवला, कुकर शेजारच्या हौसाबाईंना दिला, जादाच्या गाद्या विहारात पोचवल्या. जाणाऱ्यानं भिंती कशाला रंगवायच्या, म्हणून पोपडे तसेच राहिले. नळ गळत होता, त्याखाली बादली ठेवली. इंग्रजीचा क्लास लावला, तो संपला, पुढची बॅचही संपली. हौसाबाई पुढच्या फाटकाशी गाठून विचारायच्या, "कवा जायाचं गं?" आणि पुढच्या महिन्यात, "अजून हितंच व्हय?" त्यांच्या मनात काही नसायचं, पण नीलाला ते लागायचं. शेवटी ती मागच्या फाटकानं ये-जा करायला लागली. स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी राहत होती, आणि त्याची तिला सवय झाली होती.

चांगदेव आला आणि दोन दिवस तोही पाहुण्यासारखा बसला. घरात ताटं दोनच, पातेलं एकच. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नळाचा वायसर आणायला खाली उतरला आणि दुपारी नवा कुकरही घेऊन वर आला. नळ अर्थातच तासाभरात दुरुस्त झाला. मग कडी न लागणारं दार, मग वाकडा पंखा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो रंगाचे डबे घेऊन आला, तेव्हा नीलानं विचारलं, अहो, तीन आठवड्यांसाठी हे कशाला? तो म्हणाला, फोटोत भिंती दिसतात. हौसाबाईंनी रंगाचा वास आला म्हणून डोकावून बघितलं, आणि जाताना चांगदेवला स्वतःच्या घरातला पंखाही दाखवायला घेऊन गेल्या.

फोटोमोहीम मात्र सम्यकच्या हातात होती. दर दिवसाआड तो मोटरसायकल काढून यायचा आणि आज कुठे, उद्या कोणती साडी, ते ठरवायचा. एकाच कपड्यात दहा फोटो चालणार नाहीत, असं संचितानं बजावलेलं. नीलाच्या कपाटातल्या कितीतरी साड्यांना उजेड दिसला. त्या काळात शहाड-कल्याणच्या लोकांना वाटलं असेल, की या बाईकडे रोजच काहीतरी कार्य आहे.

पहिल्यांदा ते मानपाड्याला, तिच्या जुन्या कंपनीच्या गेटवर गेले. गेटवरचा वॉचमन भगवान तिला बघून खुर्चीवरून उठला आणि चांगदेवकडे बघून त्यानं हे कोण म्हणून विचारलं. नीलानं घसा साफ केला आणि म्हणाली, "हे आमचे... पाहुणे." परतीच्या रिक्षात चांगदेव मानपाड्यापासून थेट कल्याणपर्यंत हसत होता. मध्येच थांबायचा, बाहेर बघायचा, आणि "पाहुणे" म्हणून पुन्हा सुरू. नीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी आल्यावर भात टाकताना तीही एकटीच हसली.

कल्याणच्या काळ्या तलावावर तिच्या इंग्रजीच्या क्लासमधल्या दोघी भेटल्या, तेव्हा तिनं एका दमात सांगून टाकलं, की हे माझे मिस्टर. सांगितलं आणि काही झालं नाही. त्या दोघी नमस्कार करून, भेळ घेऊन पुढे गेल्या. नीलाला इतकं हलकं वाटलं, की तिनं स्वतः होऊन चांगदेवची कॉलर नीट केली आणि सम्यकला विचारलं, की आलं का फोटोत?

आणि ठाण्याला तलावपाळीवर तर कमालच झाली. पायानं चालवायच्या होडीत दोघंच बसली, सम्यक काठावर. नीलाचे पाय पॅडलला पुरेनात, चांगदेव एकटाच पाय मारतोय, आणि होडी आपली जागच्या जागी गोल फिरतेय. काठावरची पोरं ओरडून सूचना देत होती. होडी एकदा कलली, तेव्हा नीलानं त्याचा दंड घट्ट धरला. मग होडी स्थिर झाली, पण हात तिथंच राहिला. नीला पोट दुखेपर्यंत हसली. इतकं आपण शेवटचं कधी हसलो, ते तिला आठवेना. तिला सुख झालं होतं, साधं, उघड सुख, आणि ते चारचौघांत दिसलं तरी तिला चालणार होतं.

आठवडा उरला असताना चौघं संचिताच्या ऑफिसात गेली. संचितानं फोटो बघितले, वर मान करून दोघांकडे बघितलं, आणि एकदम ओके म्हणाली. आता कुणी नाही म्हणणार नाही. मायानं टाळी वाजवली. सम्यकनं सगळ्यांसाठी चहा सांगितला.

"म्हणजे आता लवकर होईल ना?" नीलानं विचारलं.

"काकू, खोटं नाही सांगत. हे तपासायला घेतील, मग पुढचं. वर्षभर धरून चला. जास्तपण लागेल."

नीला म्हणाली, ठीक आहे. चहा प्यायली. जिना उतरताना मात्र तिनं मनाशी हिशेब केला. मागचं दीड वर्ष तिनं काढलं होतं, कारण कशाशिवाय काढतोय ते तिला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. आणखी एक वर्ष म्हणजे समोरची खुर्ची रिकामी ठेवून घेतलेला चहा, एकाच माणसापुरता भात, आणि तिकडे बर्फात दार लावून बसलेला हा. दोघांचं वय काही थांबणार नव्हतं. रस्त्यावर आल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला आणि धूळ किती आहे इथं, असं मायाला म्हणाली.

चष्मा वर राहिला, असं सांगून चांगदेव पुन्हा संचिताकडे गेला. बराच वेळ आला नाही. चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशातूनच डोकावत होता, ते नीलानं बघितलं होतं, पण माणसाला कधीकधी एकटं राहावंसं वाटतं, म्हणून ती खालीच थांबली.

संध्याकाळी शहाडच्या घरात नीला मेथी निवडत होती. चांगदेवही समोर येऊन बसला आणि एक जुडी आपल्याकडे ओढली. तो देठांसकट निवडत होता. एरवी तिनं टोकलं असतं. अर्धी जुडी झाल्यावर त्यानं हातातली काडी खाली ठेवली.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"इतके दिवस आपण सगळे एकच विचारतोय, तुम्हाला तिकडे घेतील का. मला इथं घेतील का, हे कुणी विचारलंच नाही."

नीलाला काही उमजेना. "कुणाला विचारायचं?"

"तुम्हाला. घर तुमचं आहे." त्यानं मेथीची पानं उगाच एकत्र केली, पुन्हा पसरली. "मी संचिताला विचारून आलो. माझा पासपोर्ट तिकडचा, त्यामुळे मलाही कागद करावे लागतील. पण तोवर राहता येतं, म्हणाली. मुलाला फोन केलेला. तो म्हणाला, पप्पा, हे आधी का नाही सुचलं?"

खरंच, आधी का नाही सुचलं? मायाला नाही, सम्यकला नाही, हिशेबी डोक्याच्या संचिताला नाही, आणि लॅबमध्ये सगळी हयात काढलेल्या नीलाला तर नाहीच नाही. लग्न झालं की बाईनं उठायचं आणि पुरुषाच्या दारात जायचं. साठीच्या दोन माणसांनाही या वाटेला दुसरं टोक आहे हे दिसलं नव्हतं.

"नीला," चांगदेव म्हणाला. ताई न लावता तो पहिल्यांदाच म्हणत होता. "मी इकडे नांदायला आलो, तर चालेल का?"

नीलानं खाली बघितलं. मेथीच्या ढिगात तिचे हात थांबले होते. आता तोंड उघडलं तर आपण रडणार, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं आधी पदरानं हात पुसले, मग चेहरा पुसला.

"लोक घरजावई म्हणतील तुम्हाला. या वयात."

"म्हणू देत. हौसाबाईंच्या पंख्यापासून मला बिल्डिंगमध्ये मान आहे."

ती हसली नाही. हसू दाबून तिनं चेहरा शक्य तितका कोरा केला, आणि संचिताच्या ऑफिसात बसून ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "अर्ज मिळाला."

चांगदेव सावरून बसला. "मग?"

"पुरावे लागतील."

"कसले?"

"नांदण्याचे."

"कधीपर्यंत द्यायचे?"

"रोज."

चांगदेव गुडघ्यांवर हात टेकून उठला, बाह्या सारल्या, परातीत पीठ घेतलं आणि कणीक मळायला बसला. पाणी जरा जास्तच पडलं. नीलानं पिठाचा डबा उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला.