शिडी कोणी सोडली?

तोडलेली फांदी माझ्यापासून चांगली दोन हात लांब पडली. तिचे एक पानही मला लागले नाही. माझे दोन्ही पाय मातीत रुतलेले होते आणि मला घट्ट धरून घरमालकीण खाली उभी होती. तरीही मी पडले, आणि माझ्यावरचा घरमालकही पडला.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. सुताराने मला घडवले तेव्हा माझ्या प्रत्येक पायरीवर स्वतः उभे राहून पाहिले. पुढची उमेदीची वर्षे मी एका रंगाऱ्याकडे काढली. चढण्याआधी तो भिंतीवर मूठ आपटून पाहायचा आणि मला म्हणायचा, "तुझ्यावर भरवसा आहे गं. तू जिला टेकलीस तिच्यावर नाही." एवढे कौतुक पुन्हा कोणी केले नाही.

रंगारी थकला आणि मी या घराच्या मागच्या अंगणात आले. इथे माझ्यावर पायपुसणी वाळत. तेही सोसले. मग खोल्यांचा उजेड अडवणारी एक जाड फांदी काढायचे ठरले. झाडे उतरवणारा पाहून गेला. दोर लागतील, चार माणसे लागतील, पुढच्या आठवड्यात येतो, असे त्याने सांगितले.

"चार माणसं?" घरमालक हसला. "फांदी आहे की हत्ती?"

"अहो, आठवडाभर थांबलं तर काय बिघडेल?"

"तू फक्त शिडी धर. डोकं मी चालवतो."

त्या डोक्याने मला त्याच फांदीला टेकवले. माझी टोके तिच्या वर जेमतेम चार बोटे होती. करवत चालली, शेंड्याकडचा भाग कडाडून खाली गेला, आणि पुढचे तुम्ही ऐकलेच आहे.

त्याचा खुबा मोडला. दवाखान्यात त्याचे पहिले वाक्य होते, "हिने शिडी सोडली." नणंदेने ते घरोघर पोचवले. आल्यागेल्यासमोर ती विचारी, "वहिनी, धरण्यापलीकडे तुम्हांला काही सांगितलं होतं का?" हळूहळू घरमालकीण स्वतःच्याच हातांकडे संशयाने पाहू लागली. त्या तळव्यांत माझी कुसळे रुतली होती. सोडणाऱ्याच्या हातात कुसळे रुततात का? मी संतापाने धुमसत होते. पण शिडीची साक्ष कोण काढतो? मलाही दगाबाज ठरवून कुंपणाशी भिरकावले होते.

एके सकाळी तिने मला उचलले. मातीतले खळगे तसेच होते. त्यांत माझे पाय बसवून तिने मला पूर्वीच्याच कलाने तोलून धरले. फांदीच्या सालीवर मी घासल्याच्या दोन खुणा स्पष्ट दिसत होत्या. मी तिथवर पोचले नाही. हातभर कमी पडले.

"वन्सं, इकडे या," तिने हाक मारली. "शिडी तीच, खळगे तेच. मग त्या खुणा एवढ्या वर कशा गेल्या?"

नणंदेने वर पाहिले, खाली पाहिले. मग वहिनीच्या तळव्यांकडे पाहिले.

मित्रांनो, आपल्याला न येणारे काम ते येणाऱ्याच्या हाती द्या. नाहीच दिलेत, तर निदान पडल्यावर खोटे बोलू नका. झाले ते एवढेच: फांदीचा जड शेंडा कापला गेला. ओझे उतरताच उरलेली फांदी हातभर वर उचलली गेली. माझी टोके तिच्याखाली आली आणि मला टेकायला काही उरले नाही. माझा आधार वर उभ्या असलेल्या माणसाने कापला. खाली उभ्या असलेल्या बाईने मला सोडले नव्हते.